फोटो काढायचाय? आधी जमिनीवर बसा!

तुमच्या घरी कुत्रा असेल तर एक काम करा. आत्ताच, हे वाचता वाचता. फोनची गॅलरी उघडा आणि त्याचे शेवटचे पन्नास फोटो बघा. किती फोटोंत मोठ्ठं नाक, त्यामागे इवलंसं अंग आणि त्याच्याही मागे नुसती फरशी आहे? किती फोटोंत डोळे हिरवे चमकतायत? किती फोटोंत फक्त शेपूट आहे, कारण बाकीचा कुत्रा तोवर फ्रेममधून निघून गेला होता? आणि किती फोटो असे आहेत, की बघितल्याबरोबर तुम्ही म्हणाल, ‘हां, हा आमचाच. अस्साच बसतो तो’?

पन्नासात दोन निघाले तरी तुम्ही नशीबवान. आमच्या बंड्याचे माझ्या फोनमध्ये नऊशेच्या वर फोटो होते आणि त्यातला धड एकच. तोही मी काढलेला नव्हता, आईने काढून मला पाठवला होता. माझ्याकडे भारी कॅमेऱ्याचा फोन, आईकडे माझाच जुना, स्क्रीनला तडा गेलेला. ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसून मेथी निवडत होती आणि बंड्या समोर पंजांवर हनुवटी टेकून ‘यातलं मला काही मिळणार आहे का’ असा बघत होता. तिने बसल्या जागेवरून फोन उचलला, एक फोटो काढला आणि पुन्हा मेथी निवडायला घेतली. मेथीची जुडी, खाली पसरलेलं वर्तमानपत्र आणि पलीकडे बंड्याचा चेहरा. बस्स. हॉस्टेलवर मी तो फोटो कितीतरी वेळा उघडून बघितला. यात असं काय आहे, जे माझ्या नऊशे फोटोंत नाही, ते काही केल्या कळेना.

उत्तर अगदी साधं होतं. आई खाली बसली होती.

त्याच्या उंचीवरून बघा

आपण उभे असतो आणि कुत्रा असतो आपल्या गुडघ्याएवढा. आपण उभ्याउभ्याच फोन खाली करतो आणि क्लिक करतो. मग पाय आखूड दिसतात, डोकं अवाढव्य दिसतं आणि पार्श्वभूमीला फरशी, पायपुसणं आणि कुणाची तरी चप्पल येते. खाली बसलात, की हे सगळं आपोआप सुटतं. त्याचे डोळे लेन्सच्या समोर येतात, अंगाची ठेवण जशी आहे तशी दिसते आणि मागची भिंत किंवा झाडं लांब गेल्यामुळे पुसट होतात. फोटो शिकवणारे लोक यावर तासभर बोलतात, पण एवढंच आहे ते.

एलियट अर्विट हे नाव शोधून बघा. ‘मॅग्नम’ या जगप्रसिद्ध फोटो एजन्सीचा हा छायाचित्रकार २०२३ मध्ये, वयाच्या ९५व्या वर्षी गेला. मर्लिन मन्रोपासून निक्सन-ख्रुश्चेव्हपर्यंत सगळ्यांचे फोटो त्याने काढले, पण लोकांच्या लक्षात जास्त राहिली ती त्याची कुत्री. न्यूयॉर्कमध्ये १९७४ साली काढलेल्या त्याच्या एका फोटोत एक चिमुकला चिवावा टोपी घालून बसलाय आणि त्याच्या शेजारी चार पाय आहेत. पहिल्या नजरेत वाटतं, दोन माणसं उभी आहेत. मग लक्षात येतं, की बूट घातलेले दोन पाय बाईचे आहेत आणि उरलेले दोन एका भल्यामोठ्या ग्रेट डेनचे! दोघांचीही डोकी फ्रेमबाहेर. कारण फोटो काढलाय तो चिवावाच्या उंचीवरून आणि त्या उंचीवरून जग तेवढंच दिसतं. कुत्र्याने चेहऱ्यावर काहीतरी आणावं म्हणून हा माणूस कधीकधी त्यांच्यावर चक्क भुंकायचा. तुम्हीही करून बघा, फक्त सोसायटीत नको.

कुत्रा फारच बुटका असेल तर बसूनही भागत नाही, पालथं झोपावं लागतं. तेही नको असेल तर एक युक्ती आहे. फोन उलटा धरा, म्हणजे लेन्स खालच्या बाजूला येते आणि जमिनीला जवळजवळ टेकते. नाहीतर कुत्र्यालाच वर घ्या. जिन्याची तिसरी पायरी, अंगणातला कट्टा, गच्चीतला पाण्याच्या टाकीचा ओटा, काहीही चालतं.

दुसरी सवय मोडायची ती म्हणजे फोन त्याच्या नाकाला लावायची. फोनची मुख्य लेन्स वाइड असते. जवळ गेलं की जे पुढे असतं ते फुगतं आणि कुत्र्याच्या चेहऱ्यात सगळ्यात पुढे काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. गंमत म्हणून एखादा फोटो ठीक आहे. बाकी वेळी दोन पावलं मागे सरका आणि ‘टू एक्स’ लावा. पोर्ट्रेट मोडवर फार विसंबू नका. माणसांच्या चेहऱ्यावर तो बरा चालतो, पण कुत्र्याच्या मिशा आणि कानाचे केस त्याला उमगत नाहीत, तो ते बिनधास्त पुसून टाकतो. आणि लेन्स पुसत जा बाबांनो. कुत्रा असलेल्या घरातल्या फोनची लेन्स स्वच्छ असणं शक्यच नाही. अर्धे ‘ड्रीमी’ फोटो हे लाळेचे असतात.

उंबरठा नावाचा स्टुडिओ

घरातला सगळ्यात चांगला उजेड कुठे असतो? उंबरठ्यावर. दार उघडं ठेवा, कुत्र्याला दारापासून दोन हात आत बसवा, तोंड बाहेरच्या दिशेला. ऊन थेट अंगावर नको, नुसता बाहेरचा उजेड हवा. आता त्याच्या डोळ्यांत बघा. दाराचा एक छोटासा पांढरा चौकोन चमकताना दिसेल. हा ठिपका असला, की डोळा जिवंत वाटतो. डोक्यावरच्या ट्यूबलाइटमध्ये तो येत नाही आणि डोळ्यांच्या जागी दोन काळ्या खोबण्या येतात. बंड्या अख्खी दुपार दारात पडून येणाऱ्या-जाणाऱ्यांची हजेरी घेतो, त्यामुळे त्याला बसवायचे कष्टही नाहीत.

फ्लॅश बंदच ठेवा. कुत्र्याच्या डोळ्यात पडद्यामागे आरशासारखा एक थर असतो. टॅपेटम ल्युसिडम त्याचं नाव. अंधुक उजेडात मिळेल तेवढा प्रकाश परत डोळ्यात फेकायचा हे त्याचं काम. म्हणून फ्लॅश पडला, की डोळे भुतासारखे हिरवे-पिवळे दिसतात.

बाहेर जाणार असाल तर सकाळी लवकर किंवा संध्याकाळी ऊन उतरल्यावर. एप्रिल-मेच्या दुपारी तर मुळीच नको. फोटो वाईट येतात हे एक आणि डांबर पायाला भाजतं हे दुसरं. तुम्ही बूट घातलेले असतात, त्याने नाही. हाताची मागची बाजू सात सेकंद रस्त्यावर टेकवून ठेवता येत नसेल, तर त्यालाही चालवू नका. उलट जून ते सप्टेंबर आपल्याकडे मज्जाच मज्जा. आभाळ भरून आलं, की सगळीकडे सारखा, मऊ उजेड पसरतो. सावल्या नाहीत, डोळे बारीक करून बघणं नाही. त्यात भिजून आलेला कुत्रा अंग झाडायच्या बेतात असेल तर फोन बर्स्टवर ठेवून तयार राहा. कान, ओठ, गाल सगळं हवेत आणि भोवती पाण्याची भिंगरी! त्यानंतर तुम्हीही भिजलेले असाल, पण फोटो मिळतो.

काळ्या पिल्लाची गोष्ट

आता जरा सावकाश वाचा, कारण यात एका पिल्लाच्या घराचा प्रश्न होता.

गेल्या वर्षी आमच्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये एका इंडी कुत्रीने चार पिल्लं घातली. दोन तांबूस, एक पांढरं-तपकिरी आणि एक काळं कुळकुळीत. रेक्टर मॅडमनी परीक्षा संपेपर्यंतची मुदत दिली. त्यानंतर हॉस्टेल रिकामं होणार आणि पिल्लांकडे बघायला कुणी नसणार. पिल्लं दोन महिन्यांची झाल्यावर आम्ही फोटो काढले आणि दिसेल त्या ग्रुपवर, स्टोरीवर टाकले. दहा दिवसांत तिघं गेली. काळ्या पिल्लाबद्दल एकही फोन नाही. ती मुलगी होती, आम्ही तिचं नाव जांभूळ ठेवलं होतं. एका मैत्रिणीने तर मेसेज केला, ‘चौथ्या फोटोत काय आहे गं? चप्पल?’

मी चिडून फोटो पुन्हा उघडला. खरंच चप्पल वाटत होती. उन्हात चकाकणारी सिमेंटची जमीन आणि तिच्यावर एक काळा डाग. डोळे कुठे, तोंड कुठे, पत्ता नाही.

काळा कुत्रा नको म्हणणारे लोक आहेत. त्यातलेच काही शनिवारी काळं कुत्रं शोधत फिरतात आणि त्याला पोळी घालतात, ते असो. पण माझी खात्री आहे, की जांभळीला बहुतेकांनी नाकारलं नव्हतं. त्यांना ती दिसलीच नव्हती.

यामागचं गणित समजून घ्या. कॅमेऱ्याला समोर काय आहे ते कळत नाही, उजेड किती आहे एवढंच तो मोजतो आणि सगळं मिळून मध्यम करड्या रंगाच्या आसपास आणायला बघतो. हल्लीचे फोन जास्त हुशार झालेत, तरी मूळ खोड तीच. लख्ख जमिनीवर छोटंसं काळं पिल्लू असेल, तर तो जमिनीच्या हिशेबाने सगळं गडद करतो आणि पिल्लाचा डाग होतो. तेच काळं तोंड फ्रेमभर घेतलं, की तो उलट सगळं उजळ करतो आणि काळा रंग राखेसारखा फिका पडतो. पांढऱ्या कुत्र्याच्या बाबतीत बरोब्बर उलटं. पांढराशुभ्र पॉमेरेनियन फ्रेमभर घेतला, की मळकट येतो. म्हणून फोनला त्याच्या मनाने ठरवू देऊ नका. स्क्रीनवर कुत्र्याच्या चेहऱ्यावर बोट टेकवा. शेजारी सूर्याचं चिन्ह येतं, ते वर-खाली सरकवा. काळ्या कुत्र्याच्या अंगावरचा केस न् केस वेगळा दिसायला लागला, पण काळा रंग काळाच राहिला, की थांबा. पांढऱ्याच्या बाबतीत तो पांढरा दिसेपर्यंत वर न्या, पण केसांची वळणं पुसली जायच्या आत थांबा.

आणि जागा बदला. काळ्या कुत्र्याला लख्ख पांढऱ्या भिंतीपुढेही नको आणि काळोख्या कोपऱ्यातही नको. विटांची भिंत, झुडपं, मातीचा रंग, पोतं असं काहीतरी मधलं मागे हवं. उजेड एका बाजूने येऊ द्या. बाजूच्या उजेडात काळे केस चमकतात आणि त्या चमकेतूनच गालाचा, कपाळाचा, खांद्याचा आकार कळतो.

आम्ही सकाळी सात वाजता पार्किंगच्या पायरीवर गोणपाट अंथरलं. मी नाइट ड्रेसवर, फरशीवर पालथी. वॉचमन काका माझ्या फोनच्या शेजारी पोळीचा तुकडा धरून उभे. ‘मॅडम, कुत्र्याच्या लग्नाचा आहे का फोटो?’ त्यांनी विचारलं. वीस मिनिटं जांभळीने गोणपाट चावलं, काकांची चप्पल चावली, मग माझे केस. शेवटी दमली आणि बसली. आणि तेव्हा, महिनाभर रोज बघूनही, मला पहिल्यांदाच नीट दिसलं, की तिचा उजवा कान ताठ आहे आणि डावा मधोमध दुमडलेला. छातीवर पांढरे चार केस आहेत, तीट लावल्यासारखे, फक्त उलट्या रंगाचे.

तो फोटो टाकला. चौथ्या दिवशी एका आजोबांचा फोन आला. त्यांचा पहिला प्रश्न वय नाही, लसीकरण नाही. ‘एक कान दुमडलेला आहे ना, तीच का?’

तुमच्यातले बरेच जण कॅम्पसवरच्या, सोसायटीतल्या पिल्लांसाठी अशा पोस्ट टाकत असणार. एक फोटो चेहऱ्याचा, डोळ्यांच्या उंचीवरून. एक उभ्याचा, शेजारी ओळखीची वस्तू ठेवून, म्हणजे आकार कळतो (आम्ही काकांची चप्पल ठेवली, तिच्यावर दातांचे ठसे होतेच). एक माणसाच्या मांडीवर किंवा हातात. यातला तिसरा फार महत्त्वाचा, कारण तो बघणारा स्वतःला त्या जागी बसवून बघतो. फिल्टर लावून रंग बदलू नका. लंगडत असेल, डोळ्याला काही झालेलं असेल, तर ते दिसू द्या आणि लिहासुद्धा. नंतर परत येणाऱ्या कुत्र्याचे हाल जास्त होतात. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू आईपासून तोडून द्यायला निघू नका, पोस्ट कितीही व्हायरल होत असली तरी. आणि नेमका पत्ता जाहीर टाकू नका. आम्ही टाकला होता. आठवड्याच्या आत कुणीतरी गेटपाशी खोक्यात आणखी दोन पिल्लं ठेवून गेलं.

‘इकडे बघ ना!’

नाव घेऊन दहा वेळा ओरडलात, की अकराव्या वेळी ते नाव राहत नाही, ट्रॅफिकचा आवाज होतो. कुत्र्याने मान तिरकी करावी असं वाटत असेल तर त्याने कधी न ऐकलेला आवाज काढा. स्टीलच्या वाटीवर चमचा, वेलक्रो उघडल्याचा चर्र आवाज, तोंडाने मांजरीची नक्कल. पण प्रत्येक आवाज एकदा, फार तर दोनदा चालतो. म्हणून आधी फ्रेम लावा, बोट बटणावर ठेवा आणि मग आवाज काढा. बहुतेक जण आवाज आधी काढतात आणि मग कॅमेरा उघडतात.

या तिरक्या मानेची महती ठाऊक असलेला एक कुत्रा तुमच्या आजोबांच्या कपाटात असेल. ‘एचएमव्ही’च्या जुन्या रेकॉर्डवरचा, ग्रामोफोनच्या कर्ण्यात डोकावणारा. त्याचं नाव निपर. इंग्रज चित्रकार फ्रान्सिस बॅरॉडच्या भावाचा हा कुत्रा पुढे त्याच्याकडे आला. तो १८९५ मध्ये मेला आणि बॅरॉडने त्याचं चित्र रंगवलं ते तीन वर्षांनी. मूळ चित्रात ग्रामोफोनसुद्धा नव्हता, सिलिंडरवर चालणारा जुना फोनोग्राफ होता. कंपनीने चित्र विकत घेताना तो बदलून घेतला. यंत्र बदललं, कुत्र्याची मान तीच राहिली. कुत्रा जाऊन तीन वर्षं झाल्यावरही चित्रकाराला ती तशीच आठवत होती, यावरून काय ते समजा.

आणखी एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. २०१७ मध्ये इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की माणूस आपल्याकडे बघत असेल तेव्हा कुत्र्याच्या चेहऱ्यावरच्या हालचाली वाढतात. तो पाठमोरा असेल तर कमी होतात. समोर खाऊ धरल्याने मात्र तेवढा फरक पडत नाही. २०१९ मध्ये तिथल्याच जुलियान कामिन्स्की आणि सहकाऱ्यांनी कुत्र्याच्या भुवईखालच्या स्नायूबद्दल लिहिलं. भुवईचं आतलं टोक वर उचलून ते जे ‘बिच्चारं’ तोंड करतात, त्यासाठीचा हा स्नायू कुत्र्यांत चांगला विकसित झालाय, लांडग्यांत तसा नाही. आता विचार करा. आपण फोटो काढताना काय करतो? फोन उचलून आपलंच तोंड झाकतो. समोरून माणसाचा चेहरा गेला, की त्याचाही चेहरा कोरा होतो. म्हणून मी फोन छातीशी किंवा हनुवटीखाली धरते, त्याच्याकडे बघत राहते, बोलत राहते आणि अंदाजाने बटण दाबते. दहातले सहा फोटो वाकडे येतात. उरलेल्या चारांत बंड्या असतो.

पळणाऱ्या कुत्र्याबद्दल थोडक्यात. भरपूर उजेड लागतो, घरात प्रयत्न करू नका. प्रो मोड असेल तर शटर स्पीड १/१००० सेकंद ठेवा, नसेल तर बर्स्ट आहेच. सुरुवातीला समोरून येणारा नको, बाजूने जाणारा घ्या, फोकस जमायला सोपं जातं. बॉल टाकायला मित्र हवा, कारण तीन हात कुणालाच नसतात. बॉल निळा किंवा पिवळा असेल तर उत्तम. कुत्र्यांना लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही, हिरवळीतला लाल बॉल आपल्यालाच उठून दिसतो. तुमच्याकडे कारवानी किंवा मुधोळ असेल तर मात्र आगाऊ शुभेच्छा. २००५ मध्ये आपल्या टपाल खात्याने चार देशी जातींवर तिकिटं काढली, त्यात मुधोळ होता. त्या चित्रकाराला निदान तो पळत नसावा.

तो ‘नको’ म्हणतोय

तोंड उघडं आणि जीभ बाहेर म्हणजे कुत्रा हसतोय असं आपण धरून चालतो. गरम होत असेल, तो घाबरलेला असेल, तरीही तो तसाच दिसतो. खाण्याचा संबंध नसताना ओठ चाटणं, झोप नसताना जांभया, कान मागे, शेपूट पोटाखाली, मान वळवून डोळ्याच्या कडेने बघणं, इतकं की पांढरं दिसावं. यातलं काही दिसलं की फोन खिशात टाका. कुत्र्यांच्या भाषेत एकटक रोखून बघणं हे धमकावणं असतं आणि लेन्स म्हणजे न मिटणारा एक भला मोठा डोळा.

गॉगल, बो-टाय, पेशवाई पगडी घालून रील बनवणाऱ्यांशी मी भांडत नाही. पण तो फोटो कुत्र्याचा नसतो, पगडीचा असतो. होळी-रंगपंचमीला रंगवलेला कुत्रा गोड दिसत असेल, नंतर तो तेच अंग चाटून साफ करणार आहे. वाढदिवसाच्या शूटसाठी चॉकलेट केक पुढे ठेवत असाल तर आत्ताच उचला. चॉकलेट कुत्र्यांना विषारी असतं, मनुकेसुद्धा.

आणि रस्त्यावरच्या अनोळखी कुत्र्याच्या तोंडासमोर फोन धरू नका. खात असेल, झोपला असेल, पिल्लांसोबत आई असेल, तर अजिबात नाही. लांबून, बाजूला बसून, झूमवर काढा. तरीही चावलाच किंवा दात लागलाच, तर साबण आणि वाहतं पाणी, सलग पंधरा मिनिटं, आणि लगेच दवाखाना. ‘नुसतं खरचटलंय’ म्हणून घरी बसायचं नाही.

बंड्या आता तेरा वर्षांचा आहे

डोळ्यांत निळसर ढग आलेत, जिना चढत नाही, हाक दुसऱ्यांदा मारावी लागते. सुट्टीत घरी गेले, की मी आता त्याचे ‘चांगले’ फोटो काढायच्या मागे लागत नाही. चपलांच्या स्टँडखालची त्याची जागा, जिथे फरशी गुळगुळीत झालीये. खरवडलेलं दार. बाबांच्या पेपरवर ठेवलेला एक पंजा. एका हिवाळ्यात काढलेले हे फोटो मी बघते तेव्हा मला घराचा वास येतो.

विल्यम वेगमन नावाच्या अमेरिकन कलाकाराकडे १९७० मध्ये वायमरानर जातीचं एक पिल्लू आलं. त्याने त्याचं नाव मॅन रे ठेवलं, त्याच नावाच्या प्रसिद्ध कलाकारावरून. १९८२ मध्ये तो कुत्रा जाईपर्यंत वेगमन त्याच्यासोबत फोटो आणि व्हिडिओ करत राहिला. एकच कुत्रा, बारा वर्षं. तुम्हाला मोठा कॅमेरा लागणार नाही. महिन्यातून एक फोटो, त्याच दारात, त्याच उजेडात. हॉस्टेलला असाल तर घरच्यांना सांगा.

घरच्यांवरून आठवलं. तुमच्या गॅलरीत पुन्हा एकदा जा आणि शोधा, की रोज सकाळी सहाला त्याला फिरायला नेणारा माणूस त्याच्यासोबत एका तरी फोटोत आहे का. आमच्याकडे ते काम बाबांचं. तेरा वर्षांत दोघांचा एकत्र एकही फोटो नव्हता, कारण मी बंड्याचे काढायची आणि बाबा ‘माझा कशाला’ म्हणत बाजूला व्हायचे. गेल्या दिवाळीत काढला. फटाके सुरू झाल्यावर बंड्या पलंगाखाली गेला आणि बाबाही जवळ जमिनीवर जाऊन बसले, पलंगाखाली एक हात घालून. फोटोत कुत्रा जेमतेम दिसतो, नाकाचा शेंडा आणि त्यावर बाबांची बोटं. उजेड वाईट, फ्रेम तिरकी. फोन पुढे न्यायचा नाही, फ्लॅश लावायचा नाही, लांबून एक क्लिक आणि मी बाहेर.

त्या एकाची आणि मेथीवाल्या फोटोची मी कोपऱ्यावरच्या स्टुडिओतून प्रिंट काढून आणली, पंचवीस-तीस रुपयांत दोन्ही झाल्या. एक फ्रिजवर चुंबकाने लावलाय. दुसरा बाबांनी पाकिटात ठेवलाय, विचारलं तर ‘असंच’ म्हणतात. नऊशेतले आठशे मी डिलीट केले, उरलेल्यांचा बॅकअप घेतलाय. तुम्हीही घ्या, फोन पाण्यात पडायला एक सेकंद लागतो.

आणि उद्या सकाळी सुरुवात करणार असाल तर जुनी जीन्स घाला, गुडघ्यांवर खराब झाली तरी चालेल अशी.